उमरेडच्या वावरातले रामटेकचे गोटे

गावाचं नाव मी लिहिणार नाही. नागपुराहून उमरेडला जाताना एक फाटा लागतो, एवढंच सांगते. नाव छापलं तर आणखी कोणी विद्वान प्रकल्प घेऊन तिथं पोचेल, आणि शेवंताबाईंनी आपल्या वाट्याचे विद्वान केव्हाच भोगून संपवले आहेत.

मी कोल्हापूरची. धंदा ऐतिहासिक भाषाविज्ञानाचा. शब्द कुठून आले आणि त्यांच्याबरोबर माणसं कुठून आली, याचा माग काढायचा. हे सांगितलं की आमच्याकडचे लोक म्हणतात, "ते झालं, पण करता काय?" तीन वर्षांपूर्वी एका प्रकल्पात कंत्राटी जागा मिळाली तेव्हा या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर सापडलं. प्रकल्पात भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि भाषाविज्ञान यांचा त्रिवेणी संगम होता. त्रिवेणीतली एक नदी गुप्त असते, ती मी. बाकीचे दोघं नागपुरात होते आणि आम्ही तिघं तीन वर्षं फक्त ई-मेलवर वाहत होतो.

आमचा शोध थोडक्यात असा. उमरेडच्या अलीकडं शेवंताबाई नावाच्या बाईंचं एक एकर वावर आहे. वावर म्हणजे शेत. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळे, जड दगड ओळीनं मांडलेले आहेत. मँगनीजचे. असा दगड तिथल्या जमिनीत नाही, तो रामटेककडच्या खाणींच्या पट्ट्यातला, असं भूविज्ञानानं सांगितलं. त्याच धुऱ्यावर सीताफळाची आठ झाडं आहेत आणि त्यांचं कूळ रामटेकच्या टेकडीवरच्या झाडांशी जुळतं, असं वनस्पतिशास्त्रानं सांगितलं. पहिल्या वर्षी मी दोन दिवस जाऊन गावाची पाहणी केली, तर लोक त्या दगडांना 'रामटेकचे गोटे' म्हणत होते. शिवाय खुद्द शेवंताबाईंचा असा विश्वास दिसला की ज्यांनी हे गोटे ठेवले ते एक दिवस परत येऊन घेऊन जाणार आहेत.

तीन शास्त्रं, तीन दिशा, आणि तिन्हींचं बोट रामटेककडं! प्राचीन काळी कोणी एक समूह रामटेकहून निघाला, देवासारखे दगड आणि पोटापुरती झाडं बरोबर घेऊन इथं उतरला, आणि त्याची आठवण बोलीत राहिली. पूर्वजांच्या परत येण्याच्या श्रद्धेवर मी एकटीनं चाळीस पानं लिहिली. लिहिताना एकदा माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

आता प्रकल्पाला पैसे देणारी समिती पाहणीला येणार होती. समिती खूश झाली तर प्रकल्पाला पुढची दोन वर्षं, म्हणजे मला पुढची दोन वर्षं. आणि गोट्यांभोवतीची जागा संरक्षित म्हणून कुंपण घालून बंद होणार होती. ती जागा नकाशावर मोजली तेव्हा शेवंताबाईंच्या वावराचा बरोबर अर्धा भाग भरली.

नागपूर

निघताना सगळ्यांनी नागपूरच्या उन्हाची भीती घातली होती. मी सुती साड्या आणि टोपी घेऊन गेले आणि जानेवारीच्या सकाळी स्टेशनाबाहेर दात वाजवत उभी राहिले. घ्यायला खानझोडेसर आले होते. भूविज्ञानाचे प्राध्यापक, महिनाअखेरीला निवृत्त होणारे. अंगात भरपूर खिशांचं जाकीट आणि प्रत्येक खिशात एक दगड. मी नमस्काराला हात जोडले तर त्यांनी त्या हातांत एक दगड ठेवला. "पाहा न, किती जड आहे!"

मग टपरीवर तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, ती तर्री. टपरीवाला म्हणाला, "ताई, तर्री कमी टाकू का?" हे कोल्हापूरच्या माणसाला विचारणं म्हणजे पैलवानाला जिना चढता येतो का विचारण्यासारखं. मी म्हटलं, "टाका भरपूर." तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. सर तेव्हा प्राचीन स्थलांतराबद्दल बोलत होते. माझ्याकडं बघून ते सद्गदित झाले आणि म्हणाले, "मलेही असंच होते मॅडम, हा विषय काढला की." मराठी शुद्ध बोलणारे सर भावना अनावर झाल्या की 'मला'चं 'मले' करतात, हे मी मनात टिपून घेतलं. सवय, दुसरं काय.

दुपारी नंदनवार मॅडमबरोबर गांधीबागेत गेले. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. सीताफळ परदेशातून आलं असं पुस्तकं सांगतात, आणि मॅडमचं अर्धं आयुष्य पुस्तकांशी भांडण्यात गेलं आहे. वावरात जो फलक उभा करायचा होता, त्याच्या अनावरणासाठी लाल कापड हवं होतं. गांधीबाग म्हणजे कापडाची ठोक बाजारपेठ, आणि आम्हाला दोन मीटर पाहिजे होतं.

"दोन मीटर?" दुकानदार आमच्याकडं कीव आल्यासारखा बघू लागला. "इथं ठाण भेटते मॅडम. पाहिजे कायले?"

"फलक झाकायला."

"काय लिवलं आहे फलकावर?"

मॅडमनी 'प्राचीन मानवी स्थलांतराचे शिलारूप साक्षीदार' असं सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

"मंग झाकता काहून?" तो म्हणाला. "लोकायले वाचू द्या न."

तीन वर्षांत आमच्या प्रकल्पाला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर नसल्यामुळं आम्ही अख्खं ठाण घेतलं.

रामटेक

दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी नमुने गोळा करायला रामटेक. टेकडीवर चढताना खाली भाताची कापलेली खाचरं आणि वर राममंदिर. लोक देवाला चालले होते, आम्ही पाल्याला. मॅडम एकेका सीताफळाच्या झाडाशी थांबून दोन पानं तोडत, कागदात गुंडाळत आणि पुडीवर आकडा घालत. सहा पुड्या झाल्या. सातवी एका माकडानं हातातून ओढली, झाडावर जाऊन उघडली आणि आतला पाला बघून आमच्याकडं असा चेहरा केला की मला आमच्या विद्यापीठातले परीक्षक आठवले.

"नमुना क्रमांक सात!" मॅडम ओरडल्या.

प्रसाद विकणारी बाई हसायला लागली. "पाला पुडीत कायले बांधता वं? त्याले वाटलं फुटाने हाय."

सर मात्र पायरीवर बसून जुन्या दिवसांत शिरले होते. तरुणपणी ते दर वर्षी विद्यार्थ्यांना सहलीवर आणत. सकाळी इथले दगड, आणि दुसऱ्या दिवशी उमरेडला कोळसा. "पोट्टे लय आळशी मॅडम. जड नमुने वाटेत टाकून देत. एकानं तर अख्खं पोतं टाकलं आणि वर मले सांगते, कंडक्टरनं चढवू दिलं नाही! मी प्रात्यक्षिकाचे चार गुण कापले त्याचे. शास्त्रात खोटेपणा चालत नाही."

मी मान डोलावली. नंदनवार मॅडमनीही डोलावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमच्या तिघांच्या काखेत कळसा होता आणि आम्ही जिल्ह्याला वळसा घालत होतो.

फाट्यावरचं गाव

तिसऱ्या दिवशी आम्ही जीपनं गावात पोचलो. गावाच्या तोंडालाच मिरचीचा सातरा आहे. उघड्या मैदानात लाल मिरच्यांचे ढीग आणि बाया बसून देठ खुडतात. जीपमधून उतरल्याबरोबर तिन्ही शास्त्रांना एकदमच शिंका आल्या. त्रिवेणी संगम खऱ्या अर्थानं तिथं झाला.

सर आणि मॅडम फलकाचे खड्डे खणून घ्यायला वावरात गेले. कुंपणाचे सिमेंटचे खांब आधीच येऊन पडले होते, तेही उभ्या तुरीवर. मी शेवंताबाईंकडं गेले, कारण त्यांच्याकडून 'श्रद्धे'चं एक नेमकं वाक्य समितीसमोर म्हणवून घ्यायचं होतं.

त्या साठी ओलांडलेल्या. लहानखुऱ्या, हात मिरचीनं लाल. मला बघताच म्हणाल्या, "आली का वं बाई? पयले जेव. मंग इचार काय इचारायचं ते."

गोळाभात केला होता. भातात शिजवलेले बेसनाचे गोळे आणि वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. आमच्याकडं बेसन म्हटलं की झुणका नाहीतर भजी. भाताच्या पोटात बेसन लपवायची कल्पना आम्हाला सुचली नाही, याचं मला वाईट वाटलं. वर कैरीचं लोणचं. लोणचं काढायला त्यांनी बरणीच्या झाकणावरचा काळा दगड उचलून खाली ठेवला, आणि माझा घास हातातच राहिला.

दगडावर पांढऱ्या रंगाचा एक टिकला होता. त्यावर काळ्या शाईनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, '१४'. खाली कसलीशी आद्याक्षरं. भूविज्ञानाची माणसं नमुन्यावर असाच पांढरा टिकला देऊन आकडा घालतात. सरांच्या जाकिटातल्या प्रत्येक दगडावर तो असतो. धुऱ्यावरच्या दगडांचे टिकले उन्हापावसात केव्हाच गेले असणार.

"शेवंताबाई, हा दगड कुठला?"

"धुऱ्यावरचाच हाय न. बरनीले दाब पाहिजे होता, म्हनून पयल्याच वर्षी एक आनला. बाकीच्यायले मी हात नाही लावला."

"आणि धुऱ्यावर कोणी ठेवले?"

"कालेजच्या पोट्ट्यायनं. माही लहानी पोरगी तवा पयलीत जाये. आता तिची पोरगी जाते पयलीत. ते रामटेकून आले होते गोटे घेऊन, उमरेडले चालले होते, अन् इथं माह्या वावरापाशी बस बिघडली. त्यायचे सर पयल्या बसनं निंघून गेले, अन् पोट्टे चुंगडी घेऊन मांगं राहिले." चुंगडी म्हणजे पोतं. "कंडक्टरनं चढूच नाही देली. म्हने गोट्याचं तिकीट काढा. पोट्ट्यायजवळ कुठून पैसे? धुऱ्यावर बसून सीताफळं खाल्ली रामटेकची, बिया थुकल्या तिथंच, अन् मले म्हने, मावशी, एवढे गोटे सांभाळा, उद्या येऊन नेतो."

"मग?"

"मंग काय? नाही आले. चुंगडी सडली, म्हनून ओळीनं लावून ठेवले धुऱ्याले. दुसऱ्याची अमानत हाय, हरपली तं काय सांगू?"

मी पाण्याचा अख्खा तांब्या प्यायले. तिखट लागलं नव्हतं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतलं न तुले! तू पयल्यांदा आली तवा मी काय म्हनलं? गोटे न्याले आली का, म्हनलं. तू हसली अन् लिवून घेतलं. मले वाटलं, कालेजात जाऊन सांगन."

पिशवीत पहिल्या वर्षीच्या प्रश्नावलीची प्रत होती. प्रश्न सातवा: 'हे नाव प्रथम कोणाकडून ऐकले?' पुढं छापील पर्याय: आजी, आजोबा, गावातील वृद्ध, इतर. 'इतर'वर खूण होती, माझ्याच निळ्या शाईची. अकराव्या प्रश्नापुढं माझं अक्षर: 'गोटे न्याले आली का? (प्रत्यागमनाची श्रद्धा. फार महत्त्वाचे!)' फार महत्त्वाचे याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. डोंगर पोखरून उंदीर काढतात. आम्ही तीन वर्षं पोखरून आमचीच शेपटी बाहेर काढली होती. दगड खरे, झाडांचं कूळ खरं, शब्द खरा, रामटेकही खरं. तेवढा काळ चुकला होता, काही हजार वर्षांनी.

"एक इचारू का वं?" शेवंताबाई म्हणाल्या. "ते कुंपन घालतीन तं अर्धं वावर जाईन म्हन्ते. सर म्हने, गावाचं नाव होईन. नाव होईन, पन मंग मी खाऊ काय, गोटे? तू शिकेल हाय. तू बोल न त्यायले."

मी "बोलते" म्हटलं आणि बाहेर येऊन जीपच्या आडोशाला बराच वेळ उभी राहिले. खोटं कशाला लिहू, गप्प बसावं असंच वाटत होतं. दोन वर्षांची जागा होती. चाळिशीला आलेल्या माणसाला 'पण करता काय?' पुन्हा ऐकायची ताकद नव्हती. मी नंदनवार मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या सीताफळाच्या झाडाला टेकल्या. थुंकलेल्या बियांचं ते झाड होतं.

"समिती जाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "मग सावकाश सांगू. आपला एकही नमुना खोटा आहे का? नाही न? निष्कर्ष काय, बदलता येतो."

"आणि कुंपण?"

त्या अनावरणाचं कापड किती ओढायचं याचा सराव करायला निघून गेल्या.

समिती

चौथ्या दिवशी समिती आली. तीन माणसं, तीन शहाळी. अध्यक्ष बाहेरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे, बुटांना चिखल लागू नये म्हणून तुरीच्या ओळीतून पाय उचलून चालणारे. जानेवारीत चिखल नव्हता, पण काळजी घेतलेली बरी. गाव जमलं होतं. लाल कापडात झाकलेला फलक वाऱ्यावर फडफडत होता. सर बोलायला उभे राहिले आणि इतकं सुंदर बोलले की मलाच शंका आली, हे सगळं खरं तर नसेल? ती माणसं, त्यांच्या खांद्यावरचे दगड, ओच्यात बांधलेल्या बिया. निवृत्तीच्या आधी एकदा तरी असं बोलायला मिळावं म्हणून त्यांनी चाळीस वर्षं दगड फोडले होते.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "और मॅडम, यहाँ की लोकपरंपरा क्या कहती है? किसने रखे ये पत्थर?"

शेवंताबाई समोर तुरीत उभ्या होत्या. एका आडव्या खांबाखाली दबलेलं झाड त्या सरळ करत होत्या. ते काही सरळ होत नव्हतं, तरी त्या करत होत्या.

"इतर," मी म्हणाले.

"जी?"

मग मी सगळं सांगितलं. चुंगडी, कंडक्टर, सीताफळं, उद्या येतो म्हणालेले पोट्टे, आणि माझी निळी शाई. शेवंताबाई घरी जाऊन बरणीवरचा दगड घेऊन आल्या, पदराला पुसून त्यांनी तो सरांच्या हातात दिला.

सरांनी दगड उलटा केला. टिकला बघितला. चष्मा काढून पुन्हा बघितला.

"हे माझं अक्षर आहे," ते म्हणाले.

सातऱ्यावरून कुणाची तरी शिंक ऐकू आली.

"चौदा. त्या पोट्ट्यानं टाकलेल्या पोत्यातला..." सर धुऱ्यावर बसले. "कंडक्टरनं खरंच चढवू नाही दिलं?"

"नाहीच देलं जी," शेवंताबाई म्हणाल्या. "एक पोट्टा तं रडून राहिला होता. म्हने सर मारतीन."

समितीनं शहाळी संपवली. अध्यक्षांनी 'आगे और अध्ययन की आवश्यकता है' असं एक वाक्य उच्चारलं, प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याचं नंतर कळवू म्हणाले (ते अजून कळवत आहेत), आणि त्यांची गाडी गरम झाली म्हणून आमची जीप घेऊन गेले. जीपमध्ये एक जागा उरली होती. नंदनवार मॅडमनी ती घेतली.

गावकऱ्यांनी खांब उचलून रस्त्याकडेला रचले. ते काम समितीच्या पाहणीपेक्षा लवकर झालं.

"आता हे गोटे तरी न्या जी," शेवंताबाई सरांना म्हणाल्या. "सांभाळून सांभाळून थकली मी."

पोतं नव्हतं. गांधीबागेचं लाल ठाण होतं. फलकावरून ते ओढलं, म्हणजे अनावरण एकदाचं झालं, आणि त्यात एकेक दगड पुसून ठेवला. शेवंताबाई फाट्यापर्यंत आल्या. "सर, मोजून घ्या. एक कमी भरन. तो मी परत बरनीवर ठेवला."

"तो राहू द्या," सर म्हणाले. "चांगल्या जागी आहे."

उमरेडहून एसटी आली. आम्ही दोघांनी मिळून गाठोडं आत ओढलं. लाल कापड बघून कंडक्टरनं चपला काढल्या. "कोनता देव हाय जी?"

देव म्हटलं असतं तर फुकट गेलो असतो. सर म्हणाले, "देव नाही. दगड आहेत."

"मंग सामानाचं तिकीट काढा."

सरांनी निमूट काढलं. तिकीट हातात धरून ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, निवृत्तीचं दुःख असेल, झालेल्या फजितीचं असेल. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते.

"त्या पोट्ट्याचं नाव आठवून राहिलो मॅडम," ते म्हणाले. "चार गुण कापले मी त्याचे. त्या चारांनी त्याचा पहिला वर्ग गेला." त्यांनी तिकिटाची घडी घालून ती वरच्या खिशात, दगडाशेजारी ठेवली. "जुनी हजेरीपत्रकं घरी माळ्यावर आहेत. नाव सापडेल. उद्या काढतो."

"उद्या नक्की?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग पायाशी ठेवलेल्या लाल गाठोड्याकडं.

"नाही," ते म्हणाले. "आजच काढतो. घरी पोचल्याबरोबर."